दीड वेढा

हौसरावांच्या हरणी घोडीला सगळं येत होतं. फक्त बांधून घेता येत नव्हतं.

चालायला लागली तर स्वाराच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. ओढ्याला गुडघाभर पाणी असो, नाहीतर समोरून धुरळा उडवत एस्टी येवो, हरणी आपली डौलात. चारी पाय खाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. पंचकल्याणी घोडी ज्या दारात, त्या दारात लक्ष्मी, असं सगळं न्हावरे गाव मानायचं. पण तिला खुंट्याला बांधून माणूस चार पावलं लांब गेला रे गेला, की बाईसाहेब मान वर करायच्या, मागच्या पायांवर बसल्यासारख्या व्हायच्या आणि सगळं अंग मागं झोकून द्यायच्या. कडाड! दावं तरी तुटायचं, तोंडावरची मोहरकी तरी, नाहीतर खुंटा तरी उपटून यायचा. मग शेपटी वर करून जी सुटायची ती थेट घर गाठायची.

पहिल्यांदा तुटली ती बाजाराच्या दिवशी, लिंबाखाली. तिथं अल्लाबक्ष नालबंद बसायचा. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा, घोड्यांना नाल ठोकायचा. त्याच्या आधी त्याचा बाप तिथंच बसायचा आणि त्याच्याही आधी आजा. जमीन आणि लिंब मात्र हौसरावांच्या बांधावरचा. त्या दिवशी नाल ठोकून झाले आणि शेजारी एक गाडी उलटली, घोडी दचकली आणि हौसरावांच्या गड्यानं, भिमाजीनं आणलेलं जुनं दावं तुटलं. झालं, एवढंच. पण पुढच्या बाजारी नवं दावं बांधलं तर घोडीनं खुंटाच उपटला आणि तो अल्लाबक्षच्या उजव्या मनगटावर बसला. त्याच आठवड्यात हौसराव सोसायटीच्या कामाला शिरूरला घोडीवर बसून गेले आणि कांद्याच्या गाडीत, पोत्यांवर बसून परत आले. फेटा तसाच, तुरा तसाच, खाली घोडी नाही! गाव हसलं. तोंडावर नाही हसलं, पण हौसरावांना काय, पाठीनंही ऐकू यायचं.

ज्याला गाव हसतं तो आधी राग काढायला कुणीतरी शोधतो. हौसरावांना शोधावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते घोडी घेऊन नालबंदाच्या अंगणात उभे राहिले. मागं भिमाजी.

"अल्लाबक्ष, तुझा खिळा जिव्हारी लागलाय. तवापास्नं घोडी बिथारली."

अल्लाबक्षचं मनगट कामट्या लावून बांधलेलं होतं. तो उठून उभा राहिला. "आप्पा, जिव्हारी लागला आस्ता तर घोडी लंगडली आस्ती. ही तर शिरूरपास्नं घरापातूर पळत आली."

शिरूरचं नाव निघालं आणि हौसरावांचं तोंड लाल झालं. "लई बोलाय लागलास. ऐक. ही घोडी तुझ्या दारात ठिवतो. तिसऱ्या बाजारी त्याच लिंबाखाली, चारी नाल ठोकून हुईस्तवर बांधल्याली ऱ्हायली पायजे. न्हाई ऱ्हायली तर तुझी ऐरण उचल. दौंडचा सिद्दीक नालबंद यायला एका पायावर तयार हाय."

"आप्पा, तीन पिढ्यांची जागा हाय ती..."

"जागा तुझी, आन् लिंब कुनाचा?"

आणि नेमकं तेव्हाच दारातून आवाज आला, "ऱ्हायल उभी. मी शिकवते तिला."

ही अकिला. अल्लाबक्षची थोरली, वय चौदा, मराठी शाळेत सातवीत. महिन्यापूर्वी शाळा तपासायला दिपोटी आले होते. सगळा वर्ग मुका झाला तेव्हा अकिला एकटी उठली आणि अख्खी कविता न अडखळता म्हणून मोकळी झाली. तेव्हापासून तिला माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय लागली होती. ही सवय पोरीला लागली की घरादाराला फार जड जाते.

हौसरावांनी तिला पायापासून वर बघितलं. "शाळंत घोड्याचा धडा आला व्हय गं?"

"न्हाई आला. पर हौसंनं घोडं घेनाऱ्या मानसाचा बी न्हाई आला."

भिमाजी फिस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग करायला लागला. हौसरावांनी लगाम त्याच्या अंगावर फेकला आणि ते वळून चालू पडले. ते दिसेनासे झाले. मग अल्लाबक्षनं डाव्या हातानं अकिलाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"जीभ हाय का कात्री? बापाची जागा बी तोडून दिलीस!"

*

अल्लाबक्षचा उपाय म्हणजे साखळी. गाडीची जाड साखळी आणि नवी कातडी मोहरकी. अंगणात बाभळीचा खांब होता, कमरेएवढा खोल पुरलेला, दाव्यांनी घासून घासून शिसवासारखा गुळगुळीत झालेला. त्याला घोडी आवळली. "आता तोड म्हनावं," तो म्हणाला.

घोडीनं अर्धी घटका विचार केला. मग मान वर गेली, ढुंगण खाली गेलं. साखळी ताठली, खांब कुरकुरला. कानामागची कातडी सोलून रक्त आलं तरी हटेना. जितकी साखळी धरून ठेवी, तितकी ती जास्त मागं जोर करी. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. शेवटी मोहरकीचा पट्टा फाटला, घोडी पाठीवर आपटली, उठली आणि निघाली.

अकिला मागं धावली. सगळ्या गल्लीनं बघितलं, नालबंदाची पोर परकर खोचून घोडीमागं पळते आहे. कुणी म्हणालं, "घोडी फुडं का पोरगी?" तिनं वळूनही बघितलं नाही. वळायला वेळ कुठं होता!

हौसरावांच्या दारात येऊन अकिला थांबली ती थांबलीच. उंबऱ्यात झुंबरबाई, हौसरावांच्या मालकीणबाई, तांब्या घेऊन उभ्या. घोडी आपली शहाण्यासारखी पायरीशी. झुंबरबाईंनी चारी खुरांवर पाणी घातलं, कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर हळदकुंकू लावलं आणि भाकरीत लिंबाएवढा गुळाचा खडा दाबून तिच्या तोंडात दिला.

"आलं गं बाई माझं लेकरू, दावं तोडून आलं!"

अकिलाच्या डोक्यात लख्ख झालं. दिपोट्यांसमोर कविता आठवली होती तेव्हाही इतकं लख्ख झालं नव्हतं.

"काकी, दर येळंला आसंच करता?"

"मंग? घरची लक्ष्मी आपल्या पायानं उंबऱ्याशी आली तर तिला काय सुकी उभी करू?"

"आन् खुंट्याला उभी आसती तवा कोन गूळ देतं?"

"खुंट्याला कोन पूजा करतं, येडे?"

"तेच की वो काकी! तुटलं की गूळ. उभं ऱ्हायलं की काईच न्हाई. मी घोडी आस्ते तर मी बी तुटले आस्ते. तेवढे तीन बाजार पूजा बंद करा."

झुंबरबाईंनी तांब्या खाली ठेवला. घोडीच्या मानेजवळ जाऊन त्यांनी सोललेली कातडी बघितली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. खाली आलेला आवाज ओरडण्याहून वाईट असतो.

"साकळ्या घालून तुमी मान सोलायची, आन् वाईट माझा गूळ? चालती हो नालबंदाच्या पोरी. माझा उंबरा, माझी लक्ष्मी. धा डाव आली तरी धा डाव ववाळीन."

अकिला आल्या पावली मागं फिरली. कारण साखळीचं खरं होतं.

*

घरी येऊन तिनं साखळी सोडून छपरावर फेकली. अल्लाबक्ष ओरडला, खुर्शिद म्हणजे तिची आई ओरडली, घोडी परत घेऊन आलेला भिमाजी मजेनं बघत बसला.

"दोरानं बांधनार?" अल्लाबक्ष म्हणाला. "दोर तर ती सुतासारखा तोडती."

"बांधनारच न्हाई," अकिला म्हणाली.

तिच्या डोक्यात मागच्या उन्हाळ्यातली विहीर होती. गाळ काढायला माणूस खाली सोडायचा तर वरचा माणूस दोर हातात धरून उभा राहत नाही. हात सोलून निघतील. दोराचा खांबाला दीड वेढा घालतो आणि मोकळा शेंडा धरतो. मग खालचं वजन कितीही असो, दोर खांबाला घासत सरकतो, हिसका बसत नाही आणि सुटतही नाही. दीड वेढा! गाठ नाही, आकडा नाही.

तिनं विहिरीचाच वीस हात लांब दोर आणला. एक टोक नव्या मोहरकीला, खांबाला दीड वेढा, दुसरा शेंडा आपल्या हातात. आणि खांबाच्या बुंध्याशी टोपलीत भिजवलेले हरभरे, वर गुळाचा खडा.

हरणीनं हरभरे खाल्ले. मग मान वर. ढुंगण खाली. अंग मागं.

सर्रर्र! दोर सरकला. घोडीनं सगळा जोर लावला आणि जोर लावायला समोर काही नव्हतंच. दोर ओढत होता, पण अडत नव्हता. पाच हात मागं जाऊन ती चार पायांवर उभी राहिली आणि तिच्या तोंडावर असा भाव, की भांडायला आलो आणि घरात कुणीच नाही. अकिलानं एकेक वीत दोर ओढून घेतला. खेचून नाही, बोलावल्यासारखा. घोडी एक पाऊल आली की दोर सैल. आणखी एक आली की आणखी सैल. खांबाशी आली की गूळ.

वाचताना हे किती सोपं वाटतं! पहिल्या दिवशी हे एकवीस वेळा झालं. अकिलाच्या तळहातांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला टाक धरवेना. तिसऱ्या दिवशी दोर ओला होता, तो सरकलाच नाही. घोडीला खांब लागला, ती पुन्हा जीव खाऊन मागं झुकली, शेंडा अकिलाच्या हातातून निसटला आणि बाईसाहेब गेल्या लक्ष्मी व्हायला. तीन दिवसांचं सगळं एका तांब्यात आणि एका गुळाच्या खड्यात वाहून गेलं.

"गुड झाडकू लगता क्या गे?" खुर्शिद रिकामा डबा आपटत म्हणाली. "बाप घरी बसलाय, पोर घोडीला गूळ चारतीय!"

"माझ्या चहातला घालते."

"मग चहा बी नको पिऊस."

"नाय पीत!"

भिमाजी रोज यायचा. हौसरावांनी त्याला बघायला पाठवलेलं, आणि तो बांधावर बसून तंबाखू मळत बघायचा. "आज किती डाव मागं गेली? आमच्या आप्पास्नी सांगायचंय. सिद्दीकमियाँचं बिऱ्हाड कवा हलवायचं त्ये ठरवायचंय."

"आज सात डाव."

"काल अकरा होतं."

"मग मोजता येतं की भिमाजीमामा तुमास्नी! सांगा आप्पास्नी, उतरता आकडा हाय म्हनावं."

दुसऱ्या बाजारापर्यंत ती दिवसातून दोनदा मागं जायची. त्यानंतर अकिलानं शेंडा हातात धरणं सोडलं, नुसता जमिनीवर पसरून ठेवला. अल्लाबक्षनं कामट्या सोडल्या होत्या. तो येऊन घोडीशेजारी बसला आणि डाव्या हातानं तिचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला. हातोडीनं खुरावर टकटक केली. घोडी दोर दोन हात मागं घेऊन गेली, थांबली, आपली आपण पुढं आली आणि टोपलीत तोंड घालून फुरफुरली. अल्लाबक्षनं लेकीकडं बघितलं नाही. नुसतं म्हणाला, "दोर कोरडा ठेव." एवढंच. त्या घरात यापेक्षा जास्त शाबासकी कुणाला मिळालेली नव्हती.

*

तिसऱ्या बाजारी लिंबाखाली उभं राहायला जागा नव्हती. बैल घेऊन आलेली माणसं तर होतीच, नुसती बघायला आलेली दुप्पट. हौसराव आले ते काखेत काळी छत्री आणि बरोबर दौंडहून पहिल्या एस्टीनं आणलेला सिद्दीक नालबंद घेऊन. सिद्दीक म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर हत्यारांची पिशवी. त्यानं अल्लाबक्षला सलाम केला नाही आणि अल्लाबक्षनंही केला नाही.

अकिलानं लिंबाखाली पुरलेल्या खांबाला दीड वेढा घातला, बुंध्याशी हरभऱ्यांची टोपली ठेवली आणि शेंडा जमिनीवर टाकला.

"ह्येला काय बांधनं म्हंत्यात का?" हौसराव म्हणाले. "गाठ कुठं हाय?"

"तुमी बांधल्याली ऱ्हायली पायजे म्हनाला व्हता आप्पा. गाठ मारा न्हवता म्हनाला."

लोक हसले. अल्लाबक्षनं पुढचा उजवा पाय घेतला, जुना नाल काढला, खूर तासला, नवा ठोकला. घोडी उभी. पुढचा डावा. उभी. मागचा उजवा; त्यावेळी एक हात मागं सरकली आणि परत आली. प्रत्येक खिळ्याबरोबर हौसरावांचा चेहरा आक्रसत होता, जसा काही तो त्यांच्याच खुरात जातोय.

चौथा पाय अल्लाबक्षच्या मांडीवर होता, अर्धा खिळा आत होता. हौसराव दोन पावलं पुढं झाले आणि फटकन घोडीच्या तोंडासमोर त्यांनी छत्री उघडली.

गर्दीतल्या बायका किंचाळल्या. अल्लाबक्ष बाजूला लोळला. हरणी अंग टाकून मागं गेली, सर्रर्र... पाच हात, सात हात, दोर खांबाला घासून वास सुटला. जमिनीवरचा शेंडा सापासारखा पळत होता. अकिलानं त्याला हात लावला नाही. लावला असता तर सगळं फुकट गेलं असतं, हे तिला कळत होतं. पण हाताला कळत नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही हात काखेत गच्च धरले. नऊ हात.

घोडी थांबली. कान पुढं करून छत्रीकडं बघितलं, नाक फेंदारलं. मग छत्रीला वळसा घालून सरळ खांबाशी आली आणि टोपलीत तोंड घातलं.

असा कालवा झाला की बैल दचकले. अल्लाबक्ष धूळ झटकत उठला, पुन्हा पाय घेतला आणि उरलेला खिळा ठोकला. अगदी सावकाश. मुद्दामच सावकाश.

"काय केलंस घोडीला?" हौसराव अकिलावर खेकसले. "काय खायला घातलंस?"

आता गप्प बसली असती तर ती अकिला कसली! "तुमच्याच घरचं घातलं, आप्पा. तुमच्या उंबऱ्यावरचा गूळ खुंट्याशी आनला. दावं तोडून आली की तुमच्यात तिची पूजा हुती. मग ती का थांबंल?"

लिंबाखाली हशा फुटला. या खेपेला तोंडावर.

"माझ्या घरातलं बाजारात काढतीस?" हौसरावांनी छत्री उगारली. अल्लाबक्ष हातोडीसकट मध्ये येऊन उभा राहिला. त्यानं हातोडी वर केली नाही, पण खालीही ठेवली नाही.

मध्ये पडला तो सिद्दीक. तो इतका वेळ खाली बसून काढून टाकलेला जुना नाल आणि खुराची तासलेली कड बघत होता. "खिळा जिव्हारी लागला व्हता म्हनं," तो कुरकुरला. "कुठं? सगळं खिळं जागच्या जागी हायती. पाटील, हे बघायला मला दौंडवरनं आनलं व्हय? माझं तिथलं गिऱ्हाईक गेलं न्हवं!" आणि पिशवी उचलून तो एस्टीच्या थांब्याकडं चालायला लागला. जाताना अल्लाबक्षला म्हणाला, "चौथा नाल वाईच तिरका बसलाय," आणि तेही खरं होतं.

आता हौसरावांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी खांबावरचा दोर ओढून फेकून दिला, घोडीला आपल्या गाडीशी नेलं आणि भिमाजीकडून तिला चाकाला आखूड बांधवलं. एक नाही, तीन गाठी. "पोरीची जादू हाय ना? बगू कितीक येळ टिकती ती." आणि छत्री टेकून बघत उभे राहिले.

अकिला बघत होती. सगळा बाजार बघत होता. आणि तिच्या मनात काय आलं सांगू? तूट, तिच्या मनात आलं. तूट गं हरणे, मोड ते चाक, तुझ्या मालकाला पुन्हा कांद्याच्या पोत्यावर बसव!

हरणीनं मान वर केली. दाव्याचा ताण लागला. तिनं एक पाऊल पुढं टाकून तो सैल करून घेतला आणि एक मागचा पाय दुमडून निवांत उभी राहिली. डोळे अर्धे मिटून. जसं काही तिला जन्मापासून हेच येत होतं.

"बगा!" हौसराव गर्जले. "माझ्या गाठीला बी उभी ऱ्हाती! हिला काय पोरीची गरज न्हाई. घोडी शानी हाय माझी!"

पत्र्या मारायला बैल घेऊन बसलेले तात्याबा बिडी झटकत म्हणाले, "मग झालंच की हौसराव. घोडी उभी ऱ्हाती, हे तुमीच बाजारात वरडून सांगितलं. आता त्या नालबंदाला बसू द्या, माझं बैल सकाळपास्नं खोळंबल्यात."

हौसरावांनी लिंबाकडं बघितलं, जसा काही तोच फितूर झाला. कुणाकडंही न बघता ते घोडीवर बसले आणि गेले. त्या दिवशी झुंबरबाईंच्या उंबऱ्यावरचा तांब्या भरलेलाच राहिला असणार, कारण घोडी सुटून आली नव्हती, मालकाला घेऊन आली होती.

अल्लाबक्ष ऐरणीशी बसला. पत्र्या मारायला तात्याबांचा बैल पाडला गेला. अकिलाच्या मुठीत शेवटचा गुळाचा खडा होता, घोडीसाठी राखलेला. घामानं चिकट झालेला. तिनं रस्त्याकडं बघितलं. धुळीत पांढरे पाय एकदा चमकले आणि घोडीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"कृतघ्न मेली," अकिला म्हणाली. हा शब्द शाळेतला होता.

"काय म्हनलीस?" अल्लाबक्षनं विचारलं.

"काय न्हाई."

"मग बैलाचा पाय धर. जीभ नको, हात लाव."

तिनं गूळ तोंडात टाकला, सगळा, एकदम, आणि गाल फुगवून बैलाचा पाय धरला. तीन बाजार चहा सोडला होता तिनं.